तुझ्या आजीचं माहेरचं नाव

घणसोली, नवी मुंबई

चि. नीलेश यास अनेक आशीर्वाद.

लेक झाली, घर भरलं. सूनबाईला जप. काल फोनवर तू नावांची यादी वाचून दाखवलीस आणि ठेवता ठेवता विचारलंस, म्हात्रे म्हणजे काय? ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

म्हात्रे हे 'महत्तर'वरून आलं असं मानतात. महत्तर म्हणजे गावातला वडीलधारा, चार माणसं ज्याचा शब्द ऐकतात तो. पाटील तसंच 'पट्टकील'वरून. आपल्या आडनावात 'कर' का नाही, याचा मात्र मी पुष्कळ विचार केला आहे. माणूस गाव सोडून दुसरीकडे जातो तेव्हा लोक त्याला गावाच्या नावाने ओळखू लागतात. मास्टर दीनानाथ मंगेशीहून बाहेर पडले आणि मंगेशकर झाले. आपण खाडीकाठ सोडून कुठे गेलोच नाही. म्हात्रे, भोईर, मढवी, तांडेल, सगळे इथल्या इथेच. नवी मुंबई वसवायला 1970 साली सिडको स्थापन झाली, पुढे शेतं गेली, मिठागरं गेली, शेजारच्या इमारतींत सातारकर आणि सोलापूरकर राहायला आले. पण आपल्या आळीत घणसोलीकर कुणी नाही. तू पुण्याला गेलास, आता तुलाच कुणी तसं म्हणेल.

तुझ्या यादीतली नावं गोड आहेत. मी तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली. सुरुवातीला गणपत, जनार्दन, हिरा असायचे, मग संतोष, सुनील, मनीषा आले, आणि निवृत्तीच्या सुमारास साई, आर्यन, श्रेया. नावाची लाट येते आणि ओसरते, त्यात वाईट काही नाही. फक्त संस्कृत अर्थ असलाच पाहिजे हा हट्ट सोड. फडणवीस, चिटणीस यांतला 'नवीस' फारसी आहे. मालोजीराजांनी शाह शरीफ पिरावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली असं सांगतात, आणि शहाजीराजांचं नाव आपण किती अभिमानाने घेतो!

आता माझ्या नावाचं. ऑफिसात तू मधलं नाव 'डी.' एवढंच लिहितोस, हे मला ठाऊक आहे. शाळेत 'दगडू'वरून पोरं तुला चिडवायची आणि तू रडत घरी यायचास, तेही आठवतं. पण हे नाव कसं पडलं ते तुला कधी सांगितलं नाही. माझ्या आधी आईची दोन बाळं गेली. तिसऱ्या वेळी तिने देवाचं नाव ठेवलं नाही, दगडू ठेवलं. दगडाकडे कोण बघतो, मृत्यूचीही नजर जाणार नाही, आणि दगडासारखं पोर टिकेल. धोंडू, केरू ही नावंही अशाच भीतीतून आली. मला हाक मारताना तिच्या आवाजात काय असायचं, ते मी ऐकलंय. याच्या अगदी उलट 'नकुसा'. मुलगी नको होती म्हणून ठेवलेलं नाव. 2011 साली सातारा जिल्ह्यात दोनशेहून जास्त नकुसांना समारंभ करून नवी नावं दिली, ते वाचून माझे डोळे भरून आले होते.

ज्या आईने मला इतक्या जपून नाव दिलं, तिचं स्वतःचं नाव मात्र लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने पुसलं गेलं. घरात ती लक्ष्मी. तिचं माहेरचं नाव चांगुणा होतं, हे मला मोठेपणी कळलं. दिवा गावाला तिच्या माहेरी गेलो होतो, तेव्हा एका म्हाताऱ्याने ओट्यावरून हाक मारली, "चांगुणे!" आणि आई लहान मुलीसारखी वळली. माझ्या कुठल्याच कागदावर तिचं नाव नाही, ना माहेरचं, ना सासरचं.

तुझ्या लेकीचं तसं होणार नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा नियम झालाय. दाखल्यावर सूनबाईचं नाव नीट लिहिलंय ना, काना-मात्रा बघून मगच घे. त्या ओळीत दगडू नसेल, त्याचं मला वाईट वाटत नाही.

बारशाला तुझी ताई येईलच, आत्याशिवाय कानात कुर्र कोण करणार? कागदावरचं नाव तुम्ही दोघांनी ठरवा. पण पाळण्यात तीन-चार नावं ठेवतो ना आपण, त्यात एक चांगुणा ठेवशील का? ताईला सांगून ठेव, मीही सांगतो.

तुझे,
बाबा