बाबा, चिकन सलामी म्हणजे चिकन नाही

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय निघाला की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात आणि आई "बरं बघू" म्हणून कुकर बंद करायला जाते, म्हणून आता लिहूनच पाठवतेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय.

डॉक्टरांनी बाबांना रेड मीट कमी करा म्हणून सांगितलं ते बरोबरच आहे, पण घरी त्याचा जो अर्थ लावला गेला तो ऐकून मी हात टेकले. रविवारचं मटण बंद, बदल्यात जवळजवळ रोज चिकन, आणि सकाळी ब्रेडमध्ये चिकन सलामी नाहीतर फ्रीजरमधल्या पाकिटातले सॉसेज तळून, का तर "चिकनच आहे की". बाबा, तुमच्या ताटातलं तब्येतीला सगळ्यात वाईट काय असेल तर ते पाकीट आहे, बोकडाचा नंबर त्याच्या बराच नंतर लागतो.

2015 ला आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी जी संस्था आहे तिने, ह्याची वर्गवारी केली होती. सॉसेज, सलामी, हॅम, बेकन, मीठ-नायट्राइट लावून नाहीतर धूर देऊन टिकवलेलं जे काही असेल ते पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर होतो ह्याचा पुरेसा पुरावा आहे अशा गोष्टींत. साधं लाल मटण, त्यात गाय, डुक्कर, मेंढी आणि आपला बोकडपण आला, ते एक पायरी खाली, 'बहुतेक होत असावा' ह्या गटात. पहिल्या गटात तंबाखूपण आहे म्हणून लगेच व्हॉट्सॅपवर फिरलं की सॉसेज सिगरेटइतकं घातक, ते काही खरं नाही, तो गट फक्त पुरावा किती पक्का आहे ते सांगतो. धोका केवढा ते त्यांनी वेगळं दिलंय, रोज 50 ग्रॅम प्रोसेस्ड मीट खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शक्यता सुमारे 18 टक्क्यांनी वाढते. 50 ग्रॅम म्हणजे एखाद-दोन सॉसेज. मूळ शक्यताच कमी असेल तर ही वाढ फार मोठी नाही, आणि बहुतेक अभ्यास गाय-डुकराच्या मालावर झालेत हेही खरं, पण त्यांच्या व्याख्येत कोंबडीचं प्रोसेस्डपण येतं, नायट्राइट तेच, मीठ तेच. मिठाचा आकडा पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात असतो तो बघा एकदा, दोघांनाही बीपीच्या गोळ्या चालू आहेत.

आता बोकड. बाबा खूश होतील असं सांगते, बोकडाचं मटण मुळात बारीक असतं, शिजवलेल्या 100 ग्रॅममध्ये चरबी 3 ग्रॅमच्या आसपास, कातडीसकट कोंबडीपेक्षा कमीच. पण तो नुसत्या मांसाचा आकडा झाला. तुम्ही दुकानात उभं राहून "जरा चरबीचं टाक, रश्श्याला चव येते" म्हणता, मग घरी सुक्या खोबऱ्याचं वाटण, वरती बोटभर तेलाचा कट, आणि पांढऱ्या रश्श्याला नारळाचं दूध. खोबऱ्याच्या तेलातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सॅच्युरेटेड असतं. तुमचा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, वाढवण्यात बोकडापेक्षा रश्श्याचा हात जास्त आहे असा माझा संशय आहे, आणि हे कोल्हापुरात राहून लिहायची माझी हिंमत झाली नसती.

पण पर्यावरणाच्या हिशोबात बोकड मागे पडतो. बाबा म्हणतात ना, शेरडू बाभळीच्या शेंगा नि पाला खातं, त्याचा कुणाला काय त्रास. त्रास त्याच्या ढेकरांचा. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात चारा आंबतो, त्यातून मिथेन तयार होतो आणि तो तोंडावाटे बाहेर पडतो. हवेत तो साधारण 12 वर्षंच टिकतो, पण शंभर वर्षांचा हिशोब धरला तरी कार्बन डायऑक्साइडच्या 27-28 पट गरम करतो. 2018 मध्ये ऑक्सफर्डच्या जोसेफ पूर आणि त्यांचे स्विस सहकारी थॉमस नेमेचेक ह्यांनी 119 देशांतल्या 38 हजारांवर शेतांची माहिती एकत्र केली होती. त्यात 100 ग्रॅम प्रोटीनमागे किती गॅस सुटतो ते कार्बन डायऑक्साइडच्या मापात मांडलंय, मांसासाठीच पाळलेल्या गाईच्या बीफचा आकडा 50 किलो, मेंढी-बोकडाचा 20, डुकराचा साडेसात, कोंबडीचा 6 च्या खाली, अंड्यांचा 4, आणि वाटाण्यासारख्या कडधान्याचा अर्धा किलोपण नाही. आणि चीज 11! म्हणजे शेजारच्या काकू शुद्ध शाकाहारी म्हणून मान ताठ करून पनीर-चीज हाणतात तेव्हा त्यांना हे सांगायला हरकत नाही, फक्त माझं नाव घेऊ नका.

हे सगळे जगाचे सरासरी आकडे आहेत. उस्मानाबादी शेळी माळरानावर वाढते, तिच्यासाठी कुणी जंगल तोडून सोया पेरत नाही, जिथे दुसरं काही पिकत नाही तिथे ती मटण आणि दूध काढून देते. पण ती हळू वाढते, त्यामुळे दर किलोमागे मिथेन जास्तच निघतो, दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

इथे नेदरलँड्सला आल्यावर मला एक गोष्ट फार जाणवली. आपल्याकडे धनगर मेंढ्या घेऊन आले की शेतकरी रानात मेंढ्या बसवायला त्यांना पैसे नाहीतर धान्य देतो, लेंडीखत मिळावं म्हणून. इथे नेमकं उलटं, मी राहते त्या ब्राबांट भागात डुकरांचे गोठे इतके आहेत की शेतकऱ्याला स्वतःचं शेण-मूत उचलून न्यायला दुसऱ्याला पैसे द्यावे लागतात. एवढ्याशा देशात कोटीभर डुकरं, त्यांना खायला जहाजाने ब्राझीलहून सोया येतो, आणि त्यांच्या शेणाचा अमोनिया हवेतून जाऊन राखीव जंगलांत उतरतो. 2019 ला इथल्या कोर्टाने सरकारचं नायट्रोजनचं धोरण रद्द केलं आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगला धडकले, अजून तो वाद मिटलेला नाही. म्हणजे नुसत्या गॅसच्या तक्त्यात डुक्कर बोकडापेक्षा बरं दिसतं, पण ज्याच्या गावात तो गोठा आहे त्याला विचारा. हार्लेम नावाच्या शहरात तर 2024 पासून सार्वजनिक जागी मांसाच्या बऱ्याचशा जाहिराती लावायला बंदी आहे, बाबा, तुम्ही हसाल मला माहितीये. आणि इथला माणूस वर्षाला हाडासकट 75 किलोच्या आसपास मांस खातो, भारतात सरासरी पाच-सहा किलो, तेव्हा तुमच्या अर्ध्या किलोवरून तुम्हाला पृथ्वी बुडवल्याचं पाप लावायला मी बसलेली नाही.

चिकनबद्दल बाबांची नेहमीची शंका, "इंजेक्शन देऊन फुगवतात". तसं नाही हो. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जातो तो जातीमुळे आणि खाद्यामुळे, पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून ती जातच तशी केलीये, दीड-पावणेदोन किलो मका-सोयापेंडीत एक किलो वजन पडतं, म्हणून तर ते स्वस्त आणि म्हणूनच गॅसच्या हिशोबात हलकं. आपल्याकडची पेंड बहुतेक देशातलीच, लातूर-मध्यप्रदेशाकडची, 2021 ला भाव भडकले तेव्हा मात्र 12 लाख टन जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या, सोयाची पेंड बाहेरून आणायला सरकारने परवानगी दिली होती. काळजीची गोष्ट आहे अँटिबायोटिकची. 2014 ला दिल्लीच्या सीएसई ह्या पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थेने तिथल्या बाजारातले 70 नमुने तपासले त्यातल्या 40 टक्क्यांत अवशेष सापडले, आणि कोलिस्टिन, जे माणसाला बाकी काहीच लागू पडत नाही तेव्हा शेवटी वापरतात, ते कोंबड्यांना देण्यावर 2019 मध्ये बंदी आली. नीट शिजवल्यावर जंतू मरतात, पण औषधाला दाद न देणारे जंतू शेडमध्ये तयार होतात ते तिथेच थांबत नाहीत. म्हणून रोज चिकन नको एवढंच, आठवड्यातून दोनदा ठीक, कातडी काढून.

आता आईच्या प्रांतात शिरते. आई, लग्न होऊन मालवणहून घाटावर आल्यापासून तू बांगडा नि तारली ह्यांना "गरिबाचा मासा" म्हणत घेतेस आणि पाहुणे आले की सुरमई. उलट कर. तब्येतीला आणि समुद्राला, दोन्हीला ह्यातले हे छोटेच बरे. ओमेगा-थ्री त्यांच्यात भरपूर, तारली काट्यासकट चावून खाल्ली तर कॅल्शियमपण मिळतं, आणि मुशीसारख्या मोठ्या शिकारी माशांत जसा पारा साठत जातो तसा ह्यांच्यात साठत नाही. थव्याने फिरणारे मासे म्हणून जाळ्यात पटकन येतात, डिझेल कमी जळतं. कोळंबीसाठी ट्रॉलर तळ खरवडत जातो, डिझेल जास्त, आणि सोबत नको ती पिल्लंपण वर येतात. तळ्यातली कोळंबी घ्यावी म्हटलं तर ऑक्सफर्डच्या त्या अभ्यासात तिचा आकडा 18, जवळजवळ बोकडाच्या बरोबरीला, आणि तिला खायला घालतात त्या फिशमीलमध्ये तारलीच दळलेली असते.

पण तारलीपण अमाप नाही. केरळात 2012 ला चार लाख टनांच्या आसपास पकडली होती, 2021 ला साडेतीन हजार टनांच्या आत आली. पाणी तापणं आणि बेसुमार पकडणं, दोन्ही कारणं सांगतात. मामा किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्यांची आणि बोटीने मोठ्या जाळ्यात अख्खा थवा वेढणाऱ्या पर्ससीनवाल्यांची भांडणं सांगायचा ती ह्याच माशांवरून. म्हणून 1 जून ते 31 जुलै बंदीच्या काळात ताज्याचा हट्ट नको, तेव्हा अंडी आणि कडधान्य. आणि पंजाएवढं पापलेट स्वस्तात मिळालं म्हणून आणू नकोस, ते अंडी घालायच्या आधीच पकडलेलं असतं, 2023 ला त्याला राज्यमासा जाहीर केलंय ते उगाच नाही.

आता खरी गोची. आईला जे चांगलं ते बाबांना नाही. बाबांचं युरिक ॲसिड वाढलेलं आहे, आणि तारली, मांदेली, कलेजी, सुकट ह्यातल्या प्युरीनमुळे ते अजून वाढतं, अंगठा सुजला होता तेव्हा आदल्या दोन दिवसांत काय खाल्लं होतं ते आठवा. बाबांना आठवड्यातून एकदा बांगडा, बाकी दिवस अंडं, कधी चिकन. आईला तारली चालेल, सुकट मात्र दोन-तीनदा धुऊन पाणी टाकून देऊन, मिठामुळे, आणि तीसुद्धा कधीतरी. मटण महिन्यातून एकदा दोघांनी खा, चांगल्या दुकानातून, चरबी काढून, आणि कट वरून काढून ठेवा. सगळं सोडा असं मी मुद्दामच म्हणत नाहीये, कारण ह्या वयात दंड-मांड्या झिजतात आणि किलोमागे निदान एक ग्रॅम प्रोटीन पोटात जायला पाहिजे असं म्हणतात, आईचं वजन 55 म्हणजे तिला दिवसाला 55-60 ग्रॅम, आणि ती भात-आमटी-लोणच्यावर भागवते तेव्हा ह्याच्या अर्ध्यालाही पोचत नसणार. किडनीचा रिपोर्ट नॉर्मल आहे ना ते मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रोटीन वाढवा. मटकीची उसळ, मुगाचं धिरडं, ताकाचा ग्लास हे रोजचं धरून चाला, म्हणजे माशा-मटणावर सगळा भार येणार नाही.

बाबा, भांडायचं असेल तर रविवारी दुपारी फोन करा, तुमच्याकडे चार वाजता मी नुकती उठलेली असते आणि वाद घालायला ताजी असते. रक्त परत तपासाल तेव्हा रिपोर्टचं पूर्ण पान पाठवा, नॉर्मल आलेले आकडे तेवढे कापून पाठवता ते मला कळतं.

आई, इथल्या शनिवारच्या बाजारात ताजे सार्डिन मिळतात, तुझ्या पद्धतीने करून बघायचेत पण तिरफळं संपली. दादा डिसेंबरमध्ये येणार आहे त्याच्या बॅगेत मूठभर घाल, आणि कोकम किती टाकतेस ते व्हॉइस मेसेजमध्ये सांग, अंदाजाने नको.

तुमची,
सोनू