पडून राहिलेल्या वाद्यांसाठी वाचनालयांनी पुढे यावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संगीताची आवड असलेल्या अनेक मराठी घरांत आज एकाहून अधिक वाद्ये आहेत आणि ती नियमाने वाजवणारे कोणी नाही, या गोष्टीकडे आपल्या वृत्तपत्राद्वारे वाचकांचे, विशेषतः सार्वजनिक वाचनालयांच्या कार्यकारिणींचे लक्ष वेधावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. आजोबांची पेटी, मुलगा शाळेत असताना घेतलेली तबल्याची जोडी, मुलीचा कीबोर्ड, प्रदर्शनात हौसेने घेतलेल्या दोन-तीन बासऱ्या, पगार वाढल्यावर मिरजेहून आणलेली सतार, असा हा संसार हळूहळू वाढत जातो. दसऱ्याला ही वाद्ये पुसून पूजेत मांडली जातात, त्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहिली जातात आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गवसणीत जातात. माझे घरही याला अपवाद नाही. नोकरी, प्रवास आणि घरची कामे यांतून उरलेला वेळ एका वाद्याच्या रियाजालाही अपुरा पडतो. तेथे चार-पाच वाद्यांना न्याय कोठून मिळणार?

यावर नेहमी मिळणारा सल्ला असा, की रोज प्रत्येक वाद्याला अर्धा-अर्धा तास द्यावा किंवा वार वाटून घ्यावेत. हा सल्ला देणाऱ्याने सतार कधी स्वतः सुरात लावलेली नसावी. मुख्य तारा, चिकारी (लय धरणाऱ्या कडेच्या तारा) आणि त्यांखालच्या अकरा ते तेरा तरफा (आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारा) लावता लावताच नवशिक्याचा अर्धा तास संपतो. शिवाय यमन राग वाजवून झाल्यावर तोडी राग घ्यायचा म्हटले, तर तरफा नव्याने लावाव्या लागतात आणि ऋषभ-धैवताचे (रे आणि ध यांचे) दांडीवरचे पडदे कोमल स्वरांच्या जागी सरकवावे लागतात. तबल्याचीही तीच कथा आहे. बाजूचे लाकडी गट्टे वरखाली ठोकायचे, मग गजऱ्यावर (कडेच्या चामड्याच्या वेणीवर) हातोडीने हलके घाव घालत पुडी (वरचे कातडे) सगळ्या बाजूंनी एका सुरात आणायची, आणि एवढे होईपर्यंत शेजारच्यांचा संयम संपलेला असतो. पेटी तेवढी उघडली की वाजते, आणि बहुतेक घरांत शेवटी तीच का वाजते याचे उत्तर बरेचसे यातच आहे.

दुसरी अडचण शरीराची आहे आणि ती वेळापत्रकाने सुटत नाही. सतार वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताच्या तर्जनीवर आणि मध्यमेवर घट्टे पडावे लागतात. ते पडल्याशिवाय मींड घेताना (तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना) बोट तारेवर टिकत नाही, आणि वाद्य काही आठवडे बाजूला राहिले की घट्टे मऊ पडून दुखणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बासरीला ओठांची ठेवण आणि श्वासावरचा ताबा लागतो, व्हायोलिनला गज धरणारे मनगट सैल असावे लागते, आणि तबल्यावर ‘तिरकिट’ जलद लयीत स्वच्छ निघायचे असेल तर बोटांना त्याची रोजची सवय असावी लागते. यांपैकी एकाची तयारी दुसऱ्याच्या फारशी कामी येत नाही. स्वरज्ञान, लयीची जाण आणि रागाची समज मात्र एका वाद्याकडून दुसऱ्याकडे निश्चित जाते, आणि माझ्या मते सारी फसगत येथेच होते. भूप रागाची आरोही-अवरोही कानात पक्की असल्यामुळे, नवे वाद्य हाती घेतले की हातही लवकरच वळेल, असे आपल्याला वाटते. कान पुढे धावतो, हात मागे राहतो, आणि दरम्यान आणखी एक वाद्य घरात आलेले असते.

अशा वेळी कोणीतरी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे नाव हमखास घेते. ते सरोदिये म्हणून ओळखले गेले तरी व्हायोलिनसह कितीतरी वाद्ये वाजवत असत, आणि त्यांनी मध्य प्रदेशातील मैहर येथे उभ्या केलेल्या वाद्यवृंदासाठी बंदुकीच्या नळ्यांपासून नलतरंग हे वाद्यही तयार केले, हे सर्व खरे आहे. परंतु त्यांचा दिवसच संगीताचा होता. कार्यालयातून परतल्यावर उरलेल्या वेळात त्यांनी ही वाद्ये शिकली नाहीत. त्यांच्या शिष्यांची नावेही आपण एकेका वाद्याशीच जोडतो : रविशंकर आणि निखिल बॅनर्जी सतारीशी, अली अकबर खाँ सरोदशी, अन्नपूर्णादेवी सुरबहारशी (सतारीच्याच जातीच्या खर्जातल्या वाद्याशी), पन्नालाल घोष बासरीशी. हौशी माणसाला त्यापेक्षा पु. ल. देशपांडे यांचे उदाहरण अधिक जवळचे वाटावे. लेखन, नाटक, चित्रपट, आकाशवाणी आणि दूरदर्शन एवढे व्याप असलेल्या या माणसाने वाद्य म्हणून मुख्यतः पेटीच जवळ केली आणि ती आयुष्यभर सोडली नाही.

वेळ नसणे ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, तिच्यासाठी वृत्तपत्रातील जागा कशाला अडवावी, असे कोणी म्हणेल. तसे म्हणता आले असते, जर वाद्य पुस्तकाप्रमाणे कपाटात वर्षानुवर्षे बऱ्या अवस्थेत राहिले असते. मुंबई-कोकणातील एकाच पावसाळ्यात सतारीच्या पोलादी तारांना गंज चढतो. दमट हवेने तबल्याची पुडी सैल पडते व शाईचे (मधल्या काळ्या लेपाचे) कपचे निघू लागतात, आणि उन्हाळ्यात तेच कातडे ताणले जाऊन फाटण्याची भीती असते. न वाजणाऱ्या पेटीत झुरळे आणि उंदीर शिरतात, भात्याचे कापड व चामडे कुरतडतात. आतील पितळी रीड सुरातून उतरल्या, तर त्या वाजवणाऱ्याला घरी दुरुस्त करता येत नाहीत, त्यासाठी कारागीरच गाठावा लागतो. व्हायोलिनचा गज ताणलेलाच ठेवून दिला तर त्याची काठी वाकते आणि घोड्याच्या शेपटीचे केस किडे खातात. तंबोऱ्याची स्थिती तर याहून वाईट आहे, कारण मोबाईलमधील ॲपने गाण्यामागे सतत सूर धरून ठेवण्याचे त्याचे घरातील काम पूर्णपणे काढून घेतले आहे आणि आकारामुळे तो माळ्यावरही मावत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी वाद्ये न वाजता उभी आहेत, पण तेथे जतन हेच त्यांचे प्रयोजन आहे. घराचे संग्रहालय करायला आपल्याकडे ना जागा असते, ना जाणकार देखभाल.

याच शहरांत आणि गावांत वाद्य हवे असूनही न मिळणारी मुले आहेत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या वादनाच्या परीक्षांना बसणाऱ्या कित्येक मुलांना वर्गात आठवड्यातून एक-दोन तास वाद्य मिळते, पण घरी सराव करायला काहीच नसते. ज्याच्याजवळ वाद्य आहे त्याला वेळ नाही, आणि ज्याच्या हातात वेळ आहे त्याच्याजवळ वाद्य नाही. शिकण्याचे वय दहा-बारा वर्षांचे, आणि चांगली सतार किंवा पेटी विकत घेण्याची ऐपत येते ती तिशी-चाळिशीत. मधल्या काळात किती हात संगीताला मुकतात, याचा विचार आपण करीत नाही. मूल महिनाभरात कंटाळले तर काय, या भीतीने पालक वाद्य घेत नाहीत, आणि ती भीती मला रास्तही वाटते.

म्हणून माझी सूचना अशी आहे, की राज्यातील सार्वजनिक वाचनालयांनी पुस्तकांप्रमाणे वाद्येही सभासदांना घरी न्यायला देण्यास सुरुवात करावी. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे, १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आपल्याकडे आहे, आणि तालुक्या-तालुक्यांत वाचनालयांचे जाळे पसरलेले आहे. अनेक जुन्या वाचनालयांतील कपाटांवर आणि पुस्तकांच्या पहिल्या पानांवर ‘यांच्या स्मरणार्थ’ असे लिहिलेले आपण पाहतो. आजोबांची पेटी त्यांच्या नावाची पट्टी लावून अशीच देता येईल, आणि ज्यांना कायमचे देणे जड जाते त्यांच्याकडून ती ठरावीक मुदतीची ठेव म्हणून घेता येईल. ही कल्पना अव्यवहार्य वाटणाऱ्यांसाठी सांगतो, की कॅनडातील टोरोंटो शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१६ मध्ये गिटार, व्हायोलिन यांसारखी वाद्ये सभासदांना विनामूल्य घरी नेऊ देण्यास प्रारंभ केला आहे.

अडचणी आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. सतारीचा भोपळा एका धक्क्यात फुटतो, आणि रिक्षातून नेआण करताना तो फुटण्याचीच शक्यता अधिक. म्हणून आरंभ पेटी, तबला, बासरी आणि कीबोर्ड यांपासून करावा. सतार आणि तंबोरा अनामत रक्कम घेऊन, शिक्षकाच्या शिफारशीने आणि कडक खोक्यासह द्यावेत. प्रत्येक वाद्यावर त्याचा सूर लिहिलेला असावा, कारण काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातला) तबला पांढरी चारमध्ये गाणाऱ्याच्या साथीला देऊन उपयोग नाही. वाद्य परत आले की ते पाहून घेणारा एखादा जाणकार लागेल. गावातील संगीतशिक्षक किंवा भजनी मंडळातील पेटीवाले-पखवाजवाले हे काम आनंदाने करतील, असे मला वाटते. देखभालीचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून कितपत भागेल, हे वाचनालयानुसार ठरेल.

जुनी वाद्ये अशी फिरू लागली तर वाद्य बनवणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल, असाही एक आक्षेप मी ऐकला आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी तंतुवाद्यांच्या कामास हात घातला, संस्थानिकांचा आश्रय त्यास लाभला आणि पंढरपूर-मंगळवेढा भागातून येणाऱ्या कडू भोपळ्यांतून पिढ्यानपिढ्या तंबोरे व सतारी घडत गेल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही सर्वांना अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. मात्र आमच्या माळ्यावर निजलेल्या सतारीपासून या कारागिरांना एकदा मिळाले तेवढेच मिळते. वाजत असलेल्या सतारीची जवारी (तारा ज्यावर टेकतात तो घोडीचा घासलेला पृष्ठभाग) झिजते आणि ती पुन्हा काढून घ्यावी लागते, तारा तुटतात, पडद्यांचे दोरे सैल होतात, खुंट्या घसरतात. यातले प्रत्येक काम त्यांच्याच हाताखालून जाते. वाचनालयाच्या सतारीवर दोन वर्षे शिकलेल्या मुलीला पुढे स्वतःची हवीशी वाटली, तर तीही ती मिरजेहूनच आणील. त्यामुळे हा आक्षेप मला मान्य करता येत नाही. वाचनालयांनी मिरजेतील कारागिरांशी वर्षातून एकदा गावी येऊन देखभाल करण्याचा करार केला, तर दोघांचाही लाभ आहे.

शासनाने यासाठी वेगळी योजना आखावी, अशी माझी मागणी नाही. त्याची वाट पाहिली तर आमच्या वाद्यांचे कातडे आणि लाकूड तोवर टिकणार नाही. एखाद्या शहरातील एका वाचनालयाने एक कपाट मोकळे करून वर्षभर हा प्रयोग करून पाहावा, एवढेच सुचवायचे आहे. असे वाचनालय माझ्या परिसरात पुढे आले, तर माझ्याकडील तबल्याची जोडी, व्हायोलिन आणि पेटी दुरुस्त करून, तारा-पुडी नवी घालून देण्याची माझी तयारी आहे. पेटीचा भाता बदलावा लागेल, तोही मी बदलून देईन. सतार मात्र मी ठेवणार आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे