पाळकांना मी होकार दिला आहे

प्रिय आई आणि बाबा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोन स्पीकरवर गेला की बाबांना निम्मंच ऐकू येतं, आणि राहिलेलं ऐकायच्या आत ते ‘बरं बरं’ म्हणून उठतात. म्हणून लिहिते आहे. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव. दुपारच्या जेवणानंतर वाच, सकाळी उपाशीपोटी नको.

आधी मुद्द्याचं सांगते. आमच्या पिंपरीच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत कोणी अन्य भाषेत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेनं स्वतः न शिकलेल्या भाषेत, प्रार्थना केली, तर तिचा अर्थ मंडळीला सांगण्याची सेवा मी करावी, असं पाळकांनी विचारलं होतं. मी खूप दिवस थांबले, यांच्याशी बोलले, उपास केला आणि मग हो म्हटलं. पुढच्या महिन्यापासून ही जबाबदारी नेमानं माझ्याकडे येईल. तुम्हाला न विचारता ठरवलं याचं मला वाईट वाटतंय. पण विचारलं असतं तर बाबा ‘नको’ म्हणाले असते, आणि तुमच्या ‘नको’वर पाय ठेवून जायचं धैर्य माझ्यात नाही. म्हणून ठरवून मग सांगते आहे.

नगरच्या मंडळीतलं माझं नाव मी काढलेलं नाही, काढणारही नाही. वर्गणी दर महिन्याला येते तशीच येईल. बाबा, इतकी वर्षं तुम्ही पंच होतात, त्या वहीतून तुमच्या मुलीच्या नावावर रेघ ओढली जाणार नाही. आमच्या पाळकांना हे स्पष्ट सांगितलं आहे, त्यांची काही हरकत नाही.

हे वाचताना तुमच्या दोघांच्या मनात पहिल्यांदा मावशी येईल. माझ्याही मनात तीच आली. प्रार्थना करणाऱ्या त्या माणसानं तिला गोळ्यांबद्दल काय सांगितलं आणि तिनं कपाटात काय लपवून ठेवलं, ते आपल्याला नंतर कळलं. आई, तू ते कपाट आवरत होतीस तेव्हा मी दारात उभी होते. मी नर्स झाले त्यात त्या दिवसाचाही वाटा आहे, हे तुला कधी बोलले नाही. म्हणून पाळकांपुढे मी माझी पहिली अट ठेवली: उपासनेत कोणाच्याही आजाराबद्दल, औषधाबद्दल, लग्नाबद्दल, पैशाबद्दल एक शब्दही सांगितला जाणार नाही, आणि नाव घेऊन कोणाला काही सांगितलं जाणार नाही. ते म्हणाले, ‘ही अट आमचीही आहे.’ तसं नसतं तर मी तिथे उभी राहिले नसते.

बाबा, आता तुमचं म्हणणं. तुम्ही नेहमी म्हणता की या अन्य भाषा संपतील असं पवित्र शास्त्रात प्रेषित पौलानंच लिहिलंय. खरं आहे, करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या त्याच्या पहिल्या पत्राच्या 13 व्या अध्यायात आहे. पण त्याच ओळीत विद्याही नाहीशी होईल असं आहे, आणि पूर्ण ते येईल तेव्हा हे होईल असं पुढे आहे. आपण अजून अंधूकच पाहतो, समोरासमोर पाहणं अजून झालेलं नाही. तो सगळा अध्याय तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतलात, संडे स्कूलच्या सुवर्णवचनांच्या वेळी, ओसरीवर बसवून, अडखळले की पुन्हा पहिल्यापासून. मला तेव्हा हे कळलं नव्हतं की प्रीतीचा तो अध्याय कृपादानांच्या, म्हणजे आत्म्यानं दिलेल्या देणग्यांच्या, 12 व्या आणि भाषांच्या 14 व्या अध्यायाच्या मधोमध आहे. पौल करिंथच्या गोंधळलेल्या मंडळीला कृपादानं सोडा असं सांगत नाही. प्रीतीशिवाय भाषा म्हणजे झणझणणारी झांज, एवढं सांगतो आणि मग लगेच शिस्त लावायला बसतो.

त्या शिस्तीमुळेच मी तयार झाले. अन्य भाषेत बोलायचं तर दोघांनी, फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीनं, आणि एकानं अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्यानं मंडळीत गप्प राहावं, आपल्याशी आणि देवाशी बोलावं. 14 व्या अध्यायाचं 27 वं आणि 28 वं वचन. तुम्हाला ज्या सभांचा त्रास होतो, जिथे शंभर माणसं एकदम ओरडतात आणि लाउडस्पीकर फाटतो, तिथे पौलालाही त्रास झाला असता. बाहेरचा कोणी आत आला तर तुम्ही वेडे झाला आहात असं म्हणणार नाही का, हे त्यानंच विचारलंय. त्या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. अर्थ सांगणारं माणूस असणं म्हणजे त्या गोंगाटाला दार लावणं.

आता प्रत्यक्षात कसं होतं ते सांगते, नाहीतर तुम्ही काहीतरी भलतं डोळ्यांसमोर आणाल. अंगात येणं, डोळे फिरवणं, पडणं असलं काही नाही. गाणी होतात, प्रार्थनेत थोडी शांतता येते, एखादा उभा राहून अन्य भाषेत मोठ्यानं प्रार्थना करतो. तो थांबला की पाळक सगळ्यांना थांबवतात आणि अर्थ कोणाला मिळाला आहे का, असं विचारतात. मी पूर्ण शुद्धीत असते. रात्रपाळीत पेशंटचं बीपी मोजताना असते तेवढीच शुद्धीत. कधी एक वाक्य मनात स्थिर होतं, कधी एखाद्या स्तोत्राचा भाव, कधी नुसती कृतज्ञता किंवा दुःख, आणि बोलायला लागले की त्याला शब्द मिळतात. शब्दाला शब्द असं ते नसतं. त्याची प्रार्थना लांबलचक आणि माझ्या दोन ओळी, असंही होतं. कधी काहीच मिळत नाही. मग मी ‘मला मिळालेलं नाही’ एवढं म्हणते, पाळक प्रार्थना करून पुढे जातात, आणि त्यात कोणाला काही कमीपणा वाटत नाही. त्या ‘नाही’वरूनच मंडळीचा माझ्यावर विश्वास बसला, असं मला वाटतं.

हे सगळं एकदम रविवारी माइकवर आलेलं नाही. बुधवारच्या घरसभेत, सातआठ माणसांत, आधी शिकायला मिळालं. भाषा बोलणाऱ्यानं अर्थ सांगता यावा म्हणून प्रार्थना करावी, असं त्याच 14 व्या अध्यायाचं 13 वं वचन आहे, ते धरून मी आधी माझ्या एकटीच्या प्रार्थनेत मागायला लागले. मग घरसभेत. एक वयस्कर बहीण आहेत, त्यांनी मला एक गोष्ट शिकवली ती फार मोलाची. 14 व्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात आहे की अन्य भाषा बोलणारा माणसांशी नाही, देवाशी बोलतो. तेव्हा अर्थही देवाकडे जाणारी स्तुती किंवा विनवणी असाच असायला हवा. ‘माझ्या लेकरांनो, मी तुम्हांला सांगतो’ अशा थाटात कोणी माणसांना आज्ञा द्यायला लागला, तर सावध व्हायचं. आमच्यासारख्या, अन्य भाषा मानणाऱ्या सगळ्याच पेन्टेकॉस्टल मंडळ्यांना हे पटत नाही, मला माहीत आहे. पण मला पटलं, आणि मावशीमुळे जास्तच पटलं. मी ‘प्रभू असं म्हणतो’ असे शब्द वापरत नाही. ‘या प्रार्थनेचा आशय मला असा समजला’ असं म्हणते आणि खाली बसते. मग मंडळीचे वडील, म्हणजे मंडळी सांभाळणारे ज्येष्ठ, त्याची पारख करतात. शास्त्राशी जुळत नसेल तर तिथेच, सगळ्यांसमोर, बाजूला ठेवतात.

हे माझ्याच मनातलं तर नाही ना, हा प्रश्न मला रोज पडतो. बाबा, तुम्ही विचाराल त्याआधी मी तो विचारलेला आहे. त्याचं उत्तर माझ्या एकटीच्या हातात दिलेलं नाही, म्हणूनच मला झोप लागते. आत्म्याला विझवू नका आणि सगळ्या गोष्टींची पारख करा, ही दोन्ही वाक्यं थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात दोन-तीन ओळींच्या अंतरात आहेत. मी दोन्ही पाळू बघते.

आणि हे आपल्या घरात परकं आहे असं कसं म्हणायचं? पणजी दौंडजवळच्या केडगावच्या. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आपल्या मुक्ती आश्रमात आणलेल्या पोरींतल्या. 1905 साली मुक्तीत आधी सत्तरेक जणी रोज प्रार्थनेला बसायला लागल्या, मग शेकड्यांनी, आणि जूनअखेर जी आत्मिक जागृती सुरू झाली तिच्याबद्दल पणजींनी आजोबांना काय सांगितलं, ते तुम्हीच आम्हाला सांगायचात, दिवे गेले की. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची जागृती 1906 च्या एप्रिलमधली, म्हणजे केडगावच्या नंतरची. दौंडला मुलांचा आश्रम चालवणाऱ्या अल्बर्ट नॉर्टन यांनी लिहून ठेवलंय की मुक्तीतली एक बाई, जिला इंग्रजी येत नव्हतं, ती प्रार्थनेत इंग्रजी बोलताना त्यांनी ऐकली. रमाबाई म्हणजे संस्कृत पंडिता, आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत हिब्रू-ग्रीक ताडून पाहत मराठी पवित्र शास्त्र घडवणारी बाई. भाबडेपणानं काही मान्य करणाऱ्या त्या नव्हत्याच. तरी त्यांनी पोरींना गप्प बसवलं नाही. मिनी अब्राम्स बाईंनी तिथल्या अनुभवावर 1906 मध्ये लिहिलेली पुस्तिका पार चिलीला पोचली आणि तिकडे 1909 मध्ये जागृती झाली. दौंडजवळच्या एका गावातून, बाबा. आपण हे सगळं परदेशातून आलेलं फॅड समजतो, तेव्हा मला पणजींसाठी वाईट वाटतं.

आजोबांचंही आठवा. 1970 मध्ये नागपूरला सहा वेगवेगळ्या पंथांची चर्चेस एक होऊन उत्तर भारतीय चर्च झालं, तेव्हा आपल्या गल्लीतल्या किती जणांना वाटलं होतं की आता आपलं काही उरणार नाही. आजोबा पुढच्या रविवारी नेहमीच्या बाकावर जाऊन बसले. पाटी बदलली म्हणून त्यांनी प्रार्थना बदलली नाही, हे तुमचंच वाक्य आहे.

एक गोष्ट बदलणार आहे आणि तीच लिहायला जड जातेय. महिन्यातला तो एक रविवार मी नगरला तुमच्याजवळ असायची, तो आता जमणार नाही. पण मी आठवड्याची सुटी गुरुवारी मागून घेतली आहे. बुधवारची रात्रीची गाडी धरून येईन, गुरुवारचा सगळा दिवस घरी. रविवारी निम्मा दिवस चर्चमध्ये आणि निम्मा पाहुण्यांत जायचा, आता सगळा तुमचाच. डॉक्टर, बँक, लॅब सगळं गुरुवारी उघडं असतं. हे मी स्वतःला समजावण्यासाठीही सांगतेय, तुम्हाला कळेलच. नाताळला आम्ही सगळे येणार, त्यात काही बदल नाही, आणि 31 च्या रात्रीच्या उपासनेला मी आपल्याच चर्चमध्ये, आई, तुझ्या शेजारी बसेन. लहानपणी बारा वाजायच्या आत मी तुझ्या मांडीवर झोपायची आणि तू शालीचं टोक माझ्या पायांवर ओढायचीस. अजूनही तुझ्या त्या शालीच्या वासाशिवाय मला वर्ष संपल्यासारखं वाटत नाही.

आता ऐका. बाबा, साखरेची गोळी जेवणाबरोबर, नंतर आठवलं की नाही. पायाला जखम झाली तर मला त्याच दिवशी फोटो पाठवायचा, हळद लावून गप्प बसायचं नाही. डोळ्यांचे थेंब फ्रिजच्या दारात ठेवलेत, तारीख संपली की टाकून द्या, जपून ठेवू नका. स्कूटर मुलाला देऊन टाका म्हणून मी सांगत नाही, पण चौकापलीकडे नेऊ नका. कानाचं यंत्र डबीत ठेवण्यासाठी घेतलेलं नाही. आई, गुडघा दुखत असताना खाली बसून भाकरी थापायच्या नाहीत, ओट्याजवळ उंच स्टूल आहे ते त्यासाठीच आणलंय. बाथरूममध्ये दांडा बसवलाय, त्याला टॉवेल वाळत घालू नकोस, धरायला आहे तो. आणि कोणीही, कितीही प्रार्थना करणारा माणूस असो, तुम्हाला गोळी बंद करा म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि मला फोन लावा.

बाबा, तुम्ही रागावला असाल तर रागवा, पण जेवण सोडू नका, तसं तुम्ही करता. मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र घेऊन 14 वा अध्याय 26 पासून 40 पर्यंत सावकाश वाचा. जे पटत नाही ते तुमच्या निळ्या वहीत लिहून ठेवा. गुरुवारी बसून एकेक घेऊ. तुम्ही चुकीचं दाखवलंत तर मी ते आमच्या मंडळीच्या वडिलांपुढे ठेवीन, हा माझा शब्द आहे. तुमच्याइतकं शास्त्र जाणणारं माणूस माझ्या पारखीला असावं असं मला मनापासून वाटतं.

मुलं तुम्हाला दोघांना पापा पाठवताहेत. यांचा सलाम.

तुमची,
बेबी

ता. क. गीझरवाला शनिवारी येईल. त्याचे पैसे मी दिले आहेत, पुन्हा देऊ नका. आई, बाजरी दळायला गिरणीत जाऊ नकोस, पीठ मी इकडून आणते.