रात्रीच्या जत्रांना घेऊन जाणाऱ्या तात्यांना

तात्यांस सप्रेम नमस्कार,

डिसेंबर आला की जो तो वर्षभरातल्या आवडत्या सिनेमा-नाटकांची यादी काढतो. मीही काढली. पण यादीतल्या जवळजवळ प्रत्येक नावाशी तुमची रिक्षा येऊन थांबते, म्हणून यादी राहू दे, तुम्हालाच लिहिते.

बदली होऊन कुडाळात आले तेव्हा दशावतार, म्हणजे इथल्या जत्रांत रात्रभर रंगणारं लोकनाट्य, मला टीव्हीवरच्या पाच मिनिटांच्या झलकीपुरताच माहीत होता. जत्रेतलं नाटक उभं राहतं मध्यरात्रीच्या सुमाराला आणि सुटतं उजाडताना. एकट्या बाईने जायचं कसं, परतायचं कसं? मी हे बोलून दाखवायच्या आधीच तुम्ही काकींना रिक्षात बसवून दारात हजर. "काकी वांगडा आसा, भियाव नको." त्या एका वाक्याने माझं वर्ष बदललं.

मला वाटलं होतं, तुम्ही थेट समोर चटईवर बसवाल. तुम्ही म्हणालात, "नाटक बघूचा आसात तर आधी रंगपटात चल." देवळाच्या कडेला पडदा लावून केलेली ती जागा, उघड्या ट्रंका, झाकणांना टेकवलेले आरसे, ज्याचा त्याचा रंग ज्याने त्याने लावायचा. एक गृहस्थ निऱ्या खोचता खोचता मोबाइलवर घरी सांगत होते, कलमांवर उद्या फवारणी करून घ्या, मोहोर करपायला लागलाय. बोलणं संपलं, फोन ट्रंकेत गेला, आरशात बघून त्यांनी कुंकू रेखलं. मी काहीतरी विचारायला पुढे झाले, तर तुम्ही माझा हात धरलात. "आता हाक मारू नको. आता ती तारामती."

थोड्या वेळाने तीच तारामती लेकरासाठी रडली आणि माझ्या शेजारच्या आजी पदराने डोळे पुसायला लागल्या. त्या रडण्यातलं एक अक्षर कुठे लिहिलेलं नव्हतं. आख्यान कुठलं आणि कोण काय होणार एवढंच आधी ठरतं, बाकी संवाद तिथल्या तिथे, हे तुम्ही मला हळू आवाजात समजावत होतात. पायपेटीवाल्याकडे, म्हणजे पायाने भाता मारत पेटी वाजवणाऱ्याकडे, लक्ष ठेवायला तुम्हीच शिकवलंत. नटाचा आवाज कापरा होण्याच्या क्षणभर आधी त्याचा सूर तिथे पोचलेला असतो. आणि ते बाकडं! कापड घातलेलं एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. एवढ्याशा सामानावर रात्रभर शेकडो माणसं धरून ठेवणारी दुसरी कला मी पाहिलेली नाही.

सुरुवातीचा आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा पूर्वरंग, पाहुणे लोक चुकवतात. तुम्ही तो कधी चुकवू दिला नाहीत. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती आणि मग काळ्या वेशातला संकासुर, वेद चोरणारा राक्षस, पण बोलतो अस्सल मालवणी, आणि समोरच्या गावकऱ्यांच्या फिरक्या घेतो. पुढे विष्णूच्या हातून मरतो तेव्हा लहान पोरांना वाईट वाटतं. मलाही वाटलं. ट्रिकसीनवाली नाटकंही तुम्ही दाखवलीत, धूर आणि लाइटची. त्यांनी तरुण मुलं पुन्हा मांडवात आणली, हे खरंच मोठं काम आहे. तरी माझं मन बाकड्यापाशीच राहिलं.

मग सप्टेंबरात सुबोध खानोलकरांचा 'दशावतार' सिनेमा आला. दिलीप प्रभावळकर, वय 81, आणि भूमिका डोळे अधू होत चाललेल्या म्हाताऱ्या दशावतारी नटाची. तुम्हाला आणि काकींना यावेळी तिकीट काढून मी नेलं, याचा मला फार आनंद आहे. सगळे चेहऱ्याकडे बघत होते, तुम्ही हातांकडे. मध्यंतरात एवढंच म्हणालात, "हात बरोबर धरल्यान." ह्यापेक्षा मोठं परीक्षण मी कुठे वाचलं नाही.

गणपतीतल्या डबलबारीबद्दल, म्हणजे भजनांच्या सामन्याबद्दल, तर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. दोन बुवा आमनेसामने, एकाच्या गजराला दुसऱ्याचा गजर, पखवाजवाल्यांचे हात थांबायला तयार नाहीत आणि मांडवाबाहेरही पाय ठेवायला जागा नाही. पिंगुळीलाही तुम्हीच नेलंत. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली हे मी पेपरात वाचलं होतं, पण गोठ्याच्या जागेत उभं राहिलेलं ठाकर समाजाच्या चित्रकथीचं, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याच्या कलेचं, आणि कळसूत्री बाहुल्यांचं ते संग्रहालय माझ्या राहत्या घरापासून इतकं जवळ आहे, हे कोणी सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरात 'वस्त्रहरण' लिहिणारे गंगाराम गवाणकर गेले. त्या संध्याकाळी तुम्ही भाडं घेतलं नाहीत. स्टँडवर रिक्षा लावून 1980 साली रंगभूमीवर आलेल्या त्या मालवणी नाटकातले मच्छिंद्र कांबळींचे संवाद तुम्ही एकामागून एक म्हणत होतात, आणि बाजूचे रिक्षावाले पुढची वाक्यं जोडत होते. हसता हसता तुमचा आवाज भरून आला. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत मी पुष्कळ नाटकं पाहिली, पण नाटककाराला इतक्या आपलेपणाने निरोप दिलेला तिथे पाहिला नाही.

तात्या, तुम्ही मला नुसतं पोचवलं नाहीत, कुठे बघायचं ते दाखवलंत. पहाटे दहीकाला होईपर्यंत थांबायचं, अर्ध्यावर उठायचं नाही, कलाकाराला भेटून मगच निघायचं, हे सगळं तुमच्याकडून आलं. काकींनी दर खेपेला पिशवीत टाकलेलं खाजं आणि गार वाऱ्यात माझ्या अंगावर टाकलेली त्यांची शाल, त्याचेही आभार त्यांना वाचून दाखवा.

जत्रांचा हंगाम पुन्हा सुरू झालाय. मी सुट्टीचे अर्ज आधीच देऊन ठेवलेत. आणि यावेळी पेट्रोलचे पैसे तुम्ही घेणार आहात, काकींशी माझं बोलणं झालंय.

तुमची,
बँकेतली बाय