खालच्या मजल्यावरच्या काकूंना

काकू, साष्टांग नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

त्या संध्याकाळी आपल्या ऐरोलीच्या बिल्डिंगमध्ये जिन्यात गॅसचा वास बऱ्याच जणांना आला होता. असेल कुणाच्या तरी घरातला, म्हणत लोक आपापल्या घरी गेले. तुम्ही मात्र दुखऱ्या गुडघ्यांनी वासाचा माग काढत वर आलात आणि बेल न वाजवता दार ठोठावलंत. बेलच्या बटणातली एवढीशी ठिणगीही पुरते, हे ऐन वेळी सुचणं सोपं नाही, काकू.

आई घरात एकटी होती. वयामुळे तिला वास जवळजवळ येतच नाही. दिवेलागणीची वेळ, देवापुढे निरांजन तयार आणि हातात काडेपेटी! ती तुम्ही काढून घेतलीत, दिव्याच्या बटणांना हात लावू दिला नाहीत, रेग्युलेटर बंद केलात, खिडक्या-दारं सताड उघडलीत आणि आईला घेऊन खाली उतरलात. १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन केलात तोही बिल्डिंगच्या बाहेर, मोकळ्यावर उभं राहून.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत साचतो, दाराखालच्या फटीतून जिन्यात उतरतो, म्हणून तो तुमच्या दारापर्यंत पोचला. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं इथाइल मरकॅप्टन मिसळतात. पण आईसारख्या माणसांना त्याचा काय उपयोग? तिच्या वाटचा वास तुम्ही घेतलात.

मेकॅनिकने साबणाचं पाणी लावल्यावर व्हॉल्व्हपाशी बुडबुडे आले. आतली रबरी रिंग झिजली होती. ती त्याने बदलली. केशरी नळीवर छापलेली तारीखही दाखवली. ५ वर्षं होत आली होती, तीही नवी घेतली. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं दिवसभर एकटी असतात, त्यांनी हे तपासून घ्यायला वास येण्याची वाट पाहू नये, असं मला मनापासून वाटतं.

सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलले आहे. येत्या रविवारी एजन्सीचा माणूस आपल्या विंगमधली सगळी कनेक्शनं तपासायला येणार आहे. सुरुवात तुमच्या घरापासून करायला सांगितलंय.

तुमची,
वरच्या मजल्यावरची लेक