रीस्टार्ट करण्याआधी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. जुने अॅडमिन नोकरी सोडून गेले आणि सगळे लिनक्स सर्व्हर तुझ्या गळ्यात पडले, हे वाचून आधी हसू आलं, मग जरा काळजीही वाटली. 'नेहमी लागणाऱ्या कमांडची यादी पाठव' असं लिहिलंयस. यादी पाठवत नाही. कमांड तुला येतात, नाही आल्या तर मॅन पेज, म्हणजे कमांडची मदतपानं, आहेतच. खरी अडचण वेगळी असते. सर्व्हर बसला की चार जण खुर्चीमागे येऊन उभे राहतात, फोन वाजायला लागतात, आणि माणूस आधी रीस्टार्टकडे धावतो. त्याने बऱ्याचदा काम सुरूही होतं. पण कोणती प्रोसेस (चालू प्रोग्राम) कशावर अडकली होती, कोणत्या फायली उघड्या होत्या, मेमरी कोणी खाल्ली होती, हा सगळा पुरावा त्याबरोबर पुसला जातो आणि आठवड्याभरात तेच दुखणं परत डोकं वर काढतं. म्हणून हात लावण्याआधी दोन-चार मिनिटं नुसतं बघायचं. अपटाइम (मशीन केव्हापासून चालू आहे आणि लोड किती), पीएस (चालू प्रोसेस), डीएफ (डिस्कवरची जागा), फ्री (मेमरी), डीमेसेज (कर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे, संदेश) यांचं आउटपुट एका फाइलीत उतरवून ठेवायचं. ती फाइल भरलेल्या डिस्कवरच ठेवू नकोस म्हणजे झालं.

डिस्कपासून सुरू करतो, कारण तुझी पहिली झोपमोड बहुधा तीच करेल.

समजा, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' आलं. डीएफ म्हणतंय, /व्हार, म्हणजे लॉग वगैरे साठतात ती डिरेक्टरी, शंभर टक्के भरलंय. तू डीयू (फायलींचा आकार मोजणारी कमांड) लावून मोजायला बसतोस, तर बेरीज निम्मीसुद्धा भरत नाही. खोटं कोणीच बोलत नसतं. डीएफ फाइल सिस्टिमला विचारतं की किती ब्लॉक वापरात आहेत. डीयू डिरेक्टऱ्या पालथ्या घालून ज्यांना नाव आहे तेवढ्याच फायली मोजतं. मधे काय झालेलं असतं, तर कोणीतरी भली मोठी लॉग (नोंदींची) फाइल आरएम या पुसणाऱ्या कमांडने उडवलेली असते, आणि जिने ती उघडली होती ती प्रोसेस अजून तिच्यात लिहीतच असते. आरएम फक्त नाव काढतं. शेवटचं नाव गेलं आणि फाइल उघडून बसलेली शेवटची प्रोसेसही हटली, की मगच ब्लॉक मोकळे होतात. 'एलएसओएफ +एल१' चालव. नाव नसलेल्या पण उघड्या असलेल्या फायली, समोर 'डिलीटेड' अशा शेऱ्यासकट, रांगेने दिसतील. प्रोसेस बंद करणं परवडत नसेल तर /प्रॉकमध्ये तिच्या नंबराखाली एफडी नावाची डिरेक्टरी असते. तिथल्या त्या डिस्क्रिप्टरवर, म्हणजे उघड्या फाइलीच्या क्रमांकावर, ट्रंकेट चालवून फाइल शून्यावर आण, जागा लगेच सुटते.

पण ती लॉगच आहे ना, हे आधी बघ. कामाची फाइल कोणी चुकून उडवली असेल, तर प्रोसेस जिवंत आहे तोवर याच एफडीच्या वाटेने ती सीपीने कॉपी करून वाचवता येते. अशा वेळी घाईने रीस्टार्ट केलास, तर होती ती शेवटची प्रतही गेली.

एकदा जागा सुटली की लॉगरोटेटची, म्हणजे जुन्या लॉग बाजूला काढणाऱ्या प्रोग्रामची, सेटिंग फाइल उघडून बघायला विसरू नको. बहुतेक वेळा रोटेट केल्यावर प्रोसेसला एचयूपी सिग्नल (लॉग फाइल नव्याने उघड अशी सूचना) द्यायचं राहिलेलं असतं. कॉपीट्रंकेट (लॉगची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करणं) वापरून काम भागतं, फक्त कॉपी आणि ट्रंकेटच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी गळतात, हे ठाऊक असू दे. हिशेबाच्या लॉगला ते चालणार नाही.

डीएफ आणि डीयूचं जमत नाही याचं आणखी एक कारण असतं, आणि ते भल्याभल्यांना चकवतं. बॅकअपची डिस्क माउंट झालेली, म्हणजे तिच्या डिरेक्टरीला जोडलेली, नसताना रात्रीची स्क्रिप्ट इमानेइतबारे रिकाम्या /बॅकअप डिरेक्टरीत लिहून मोकळी होते, म्हणजे मूळ डिस्कवरच. सकाळी कोणीतरी डिस्क माउंट करतं आणि खालचा डेटा झाकला जातो. डीयूला तो दिसत नाही. रूट (मुळातली) फाइल सिस्टिम दुसऱ्या एखाद्या ठिकाणी बाइंड माउंट करून तिथे डीयू चालव, म्हणजे झाकलेलं उघडं पडेल. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'माउंटपॉइंट' कमांडने तपासणी टाकलीस तर हा प्रकार पुन्हा होणारच नाही.

आणि कधी डीएफ साठ टक्केच दाखवतं, तरी फाइल बनत नाही. तेव्हा 'डीएफ -आय' बघ. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये आयनोडची (प्रत्येक फाइलीला लागणाऱ्या नोंदीची) संख्या फाइल सिस्टिम बनवतानाच ठरते, साधारण १६ केबीमागे एक. सेशनच्या किंवा मेल क्यूच्या लाखो चिमुकल्या फायली साचल्या की जागा असूनही आयनोड संपतात. त्या उडवायला 'आरएम' पुढे तारा (*) टाकलास, तर यादी फार लांब आहे म्हणून शेल नकार देतं. 'फाइंड' आणि '-डिलीट' वापर. आधी -डिलीटशिवाय चालवून काय काय हाती लागतंय ते बघ, आणि -डिलीट नेहमी शेवटी लिही. ते आधी आलं तर पुढच्या अटी विचारात न घेताच सगळं साफ होतं. तसंच, रूटला, म्हणजे मुख्य अॅडमिन खात्याला, लिहिता येतंय पण अॅप्लिकेशनला येत नाही असं दिसलं, तर ईएक्सटी४ रूटसाठी जे ५ टक्के राखून ठेवतं ते आठव. ४ टीबीच्या डिस्कवर ते जवळपास २०० जीबी होतात. नुसत्या डेटाच्या डिस्कवर 'ट्यून२एफएस -एम' ने कमी कर. रूट पार्टिशनवर मात्र राहू दे. डिस्क भरल्यावर आत शिरून आवराआवर करायला तीच जागा कामी येते.

आता लोड, म्हणजे कामासाठी रांगेत असलेल्या प्रोसेसची सरासरी. लोड ४० झाला की लोक सीपीयू वाढवून मागतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! लिनक्समध्ये १९९३ पासून लोड अॅव्हरेजमध्ये सीपीयूसाठी थांबलेल्या प्रोसेसबरोबर डी स्थितीतल्या, म्हणजे डिस्क किंवा तत्सम उत्तराची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही मोजतात. सीपीयू ९५ टक्के रिकामा आणि लोड ४०, असं दिसलं तर 'पीएस' मध्ये स्टॅटच्या रकान्यात डी शोध. कुठलातरी एनएफएस (नेटवर्कवरून फायली देणारा) सर्व्हर गप्प झालेला असतो, नाहीतर डिस्क मरायला टेकलेली असते. डीमध्ये अडकलेल्या प्रोसेसवर 'किल -९' फेकत बसण्यात अर्थ नाही, ती बहुधा दादच देणार नाही. आणि एनएफएसचा संशय असेल तर साधं डीएफही चालवू नको, तेही जाऊन तिथेच लटकेल. 'डीएफ -एल' (फक्त स्थानिक डिस्क) वापर. झोम्बीचंही (संपूनही यादीत उरलेल्या प्रोसेसचंही) सांगून ठेवतो: ते मेलेलेच असतात, त्यांना काय मारणार? त्यांची चौकशी न करणाऱ्या पालक प्रोसेसला गाठ.

व्हीएमस्टॅट या मेमरी-सीपीयूचा हालहवाल दाखवणाऱ्या कमांडची पहिली ओळ सोडून दे. ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. दुसऱ्या ओळीपासून खरं चित्र कळतं. एसआय आणि एसओ (मेमरी आणि डिस्कवरचा स्वॅप यांच्यातली ये-जा) सतत हलत असतील तर मेमरी खरंच कमी पडतेय. नुसतं 'फ्री' मध्ये फ्रीचा आकडा लहान दिसला म्हणून घाबरू नकोस. रिकामी मेमरी कर्नल डिस्क कॅशसाठी वापरतं आणि लागली की परत देतं. बघायचा तो 'अव्हेलेबल' चा रकाना.

तोही आटला की ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग, येतो, आणि त्याचा न्याय म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मेमरी गळती भलत्याच अॅप्लिकेशनची असते, पण तो मुख्यतः सगळ्यांत जास्त मेमरी धरून बसलेल्याला उचलतो, आणि तो बहुतेक वेळा तुझा डेटाबेस असतो. डेटाबेस 'आपोआप' बंद पडला, लॉगमध्ये काहीच नाही, एक्झिट कोड १३७, अशी तक्रार आली तर १२८ अधिक ९, म्हणजे एसआयजीकिल, जबरदस्तीने मारणारा सिग्नल. डीमेसेजमध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोध, त्या क्षणी कोणाकडे किती मेमरी होती याचा सगळा तक्ता तिथे छापलेला असतो. गुन्हेगार सापडतो तो त्या तक्त्यात. कंटेनर (स्वतःच्या मर्यादेत चालणारा वेगळा कप्पा) असेल तर होस्टवर (मूळ मशीनवर) भरपूर मेमरी शिल्लक असतानाही हे होतं, कारण मर्यादा कंटेनरची असते.

नेटवर्कबद्दल एकच खूण सांगतो. कुठलीही गोष्ट बरोबर ५ सेकंद किंवा १० सेकंद अडून मग सुरळीत चालत असेल, तर आधी डीएनएसवर (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर) संशय घे. /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ मधला पहिला नेमसर्व्हर मेलेला असला की प्रत्येक वेळी त्याच्यासाठी ५ सेकंद थांबून मग दुसऱ्याला विचारलं जातं. लोक याला 'डेटाबेस स्लो आहे' म्हणतात.

क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेच्या, काही खोड्या आहेत. हाताने चालवली की चालते आणि क्रॉनमध्ये चालत नाही, अशी स्क्रिप्ट असेल तर पाथ (कमांड शोधायच्या डिरेक्टऱ्यांची यादी) बघ, क्रॉनला तुझ्या लॉगिनचा पाथ मिळत नाही. आणि क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवीन ओळ. त्यामुळे 'डेट' कमांडमध्ये तारखेचं नाव बनवणारी ओळ बिनबोभाट तुटते. शिवाय महिन्याची तारीख आणि आठवड्याचा वार दोन्ही दिलेस तर दोन्ही जुळण्याची वाट बघितली जात नाही, कोणताही एक जुळला की काम होतं. यादी बदलायच्या 'क्रॉनटॅब -ई' मधल्या ईच्या शेजारचंच बटण आर आहे, आणि 'क्रॉनटॅब -आर' काहीही न विचारता सगळं पुसतं. आजच 'क्रॉनटॅब -एल' ची प्रत काढून ठेव.

बॅकअपवर तू एकच ओळ लिहिली आहेस, 'बॅकअप चालू आहेत'. कोणी रिस्टोर करून बघितलाय का? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीत काय झालं ते त्यांनी स्वतःच सगळ्यांसमोर मांडलं, हे त्यांचं मोठेपण. रात्री रेप्लिकेशन (मुख्य डेटाबेसची दुय्यम सर्व्हरवर होणारी नक्कल) दुरुस्त करताना एका इंजिनीअरने दुय्यम समजून मुख्य डेटाबेसचीच डिरेक्टरी उडवली. सुमारे ३०० जीबीतले चार-पाच जीबी उरले. बॅकअपचे पाच मार्ग होते, आणि ऐन वेळी कोणताच धड निघाला नाही. पीजी डंप, म्हणजे बॅकअप काढणारा प्रोग्राम, ९.२ आवृत्तीचा होता आणि डेटाबेस ९.६, म्हणून तो रोज अपयशी ठरत होता. अपयशाचे मेल डीमार्कमुळे (बनावट मेल अडवणाऱ्या नियमामुळे) परत फिरत होते, म्हणून कोणाला पत्ताच नाही. वाचवलं ते त्याच इंजिनीअरने सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी हाताने घेतलेल्या एलव्हीएम स्नॅपशॉटने (डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतिमेने). तेव्हा 'काही बिघडलं तर मेल येईल' यावर विसंबू नकोस. शेवटचा यशस्वी बॅकअप केव्हाचा आणि केवढा, हे रोज तूच जाऊन विचारणारी छोटी स्क्रिप्ट लाव. आधीच्या दिवसापेक्षा आकार एकदम घटला तरी ओरडली पाहिजे.

एसएसएचची (दुरून लॉगिन करायच्या सेवेची) सेटिंग बदलताना 'एसएसएचडी -टी' ने आधी तपास, आणि रीलोड केल्यावर उघडी असलेली खिडकी बंद न करता दुसरीकडून लॉगिन होतंय का बघ. घड्याळं सगळी यूटीसीवर आणि एनटीपीशी (वेळ जुळवणाऱ्या सेवेशी) जुळलेली ठेव. दोन मशीनच्या लॉगची वेळच जुळत नसेल तर कोणी कोणाला पाडलं हे सांगता येत नाही. कर्बरॉस (लॉगिन पडताळणारी यंत्रणा) असेल तर पाच मिनिटांच्या फरकावर लॉगिनच बंद.

राहता राहिला तुझा तो जुना सर्व्हर, तीन वर्षं एकदाही बंद न झालेला, ज्याचा अपटाइम तुमच्याकडे कौतुकाने दाखवतात. मला त्याची भीती वाटते. इतक्या दिवसांत कोणीकोणी हाताने काय सुरू केलं असेल, काय माउंट केलं असेल, यातलं पुन्हा बूट झाल्यावर आपोआप किती उभं राहील कोणास ठाऊक. शनिवारी रिबूट करायचा म्हणतोस, तर त्याआधी चालू असलेल्या सेवा आणि बूटला सुरू होणाऱ्या सेवा अशा दोन याद्या काढून ताडून बघ. 'एसएस' ने कोणते पोर्ट ऐकतायत तेही लिहून ठेव. एफएसटॅब (बूटला काय माउंट करायचं याची यादी) तपासायला 'फाइंडमाउंट --व्हेरिफाय' चालव. एफएसटॅबमध्ये केव्हाच काढून टाकलेल्या डिस्कची ओळ 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा) शिवाय राहिली असेल तर सिस्टमडी (बूटला सेवा उभ्या करणारा प्रोग्राम) ९० सेकंद वाट बघून इमर्जन्सी शेलमध्ये जाऊन बसेल, आणि एसएसएच तर सुरूच झालेलं नसेल. म्हणून रिमोट कन्सोलचा पासवर्ड चालतोय का हे आधी लॉगिन करून बघ, कुठल्यातरी वहीत लिहिलेला आहे यावर जाऊ नकोस.

दोन्ही याद्या आणि एफएसटॅब शुक्रवारपर्यंत मला पाठव. शनिवारी मी फोनजवळच आहे.

तुझा,
मिलिंद