सहावा अध्याय वाचूया

संपादक महोदय,

आद्य मंडळीवर, म्हणजे येशूनंतरच्या पहिल्या ख्रिस्ती समाजावर, प्रवचन म्हटले की आपण पेन्टेकॉस्टच्या दिवसापाशी रेंगाळतो. पवित्र आत्म्याचे उतरणे, येशूचा शिष्य पेत्र याचे भाषण, एकाच दिवशी सुमारे ३००० जणांचा बाप्तिस्मा. हे ज्यात आहे त्या बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय मात्र क्वचितच व्यासपीठावरून ऐकू येतो. मी बरीच वर्षे मंडळीचा खजिनदार होतो. आज आपल्याला त्या अध्यायाची गरज जास्त आहे, असे माझे ठाम मत आहे.

यरुशलेमेत मदतीच्या रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विश्वासणाऱ्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या. त्यांच्या लोकांनी कुरकुर केली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या बारा प्रमुख शिष्यांनी, त्यांना 'ऐक्य बिघडवता' म्हणून गप्प बसवले नाही, की 'प्रार्थना करा' एवढे सांगून परत पाठवले नाही. सगळ्या शिष्यांना बोलावले आणि सात माणसे निवडायला सांगितली. ती नावे सावकाश वाचावीत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही ग्रीक! तशी नावे इतर यहूद्यांतही असत, तरी मला यातून एकच दिसते, की ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप दिले गेले. किती मोठे मन लागले असेल त्याला!

प्रेषित पौलाचेही तसेच. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमवलेला पैसा त्याने एकट्याने नेला नाही. मंडळ्यांनी निवडलेला भाऊ सोबत घेतला, कारण एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये (पौलाचे करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८). हिशेब विचारणे म्हणजे पाळकांवर अविश्वास, असे मी अनेकदा ऐकले आहे. पौलाला साक्षीदार लागत होता, तर आपल्याला का लागू नये?

आणि पैसा जात कुठे होता? इ. स. १५५च्या सुमारास रोममध्ये ख्रिस्ती लेखक जस्टिन लिहितो, की रविवारचे दान अध्यक्षाकडे ठेवले जाई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांची काळजी घेतली जाई. २५१मध्ये, ख्रिस्ती लोकांच्या छळाची झळ ताजी असताना, रोमची मंडळी १५००हून अधिक विधवा आणि गरजूंना पोसत होती. तिथला बिशप कर्नेलियस याच्या पत्रात तो आकडा आहे. इमारतींचे म्हणाल, तर लोक बहुतेक घरांतच जमत. युफ्रेटिसकाठी ड्युरा-युरोपस येथे सापडलेले, २४०च्या आसपासचे उपासनास्थळही मुळात राहते घरच होते.

म्हणून सर्व मंडळ्यांच्या पंचांना माझी विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचताना विधवा, आजारी आणि निराधारांवर झालेला खर्च सर्वांत आधी वाचावा, बांधकाम निधी त्यानंतर. मदत ठरवणाऱ्या समितीत मदत घेणाऱ्या घरांतली निदान दोन माणसे असावीत, आणि त्यांच्या सहीशिवाय यादी मंजूर होऊ नये.

आपला,
एक निवृत्त खजिनदार